आईच्या साठीला महागडं फाइन डाइन रेस्टॉरंट: न्यावं की नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आईला पुढच्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होताहेत. तुम्ही डोंबिवलीला राहता. आई, बाबा, तुम्ही, तुमचे यजमान आणि आठ वर्षांची लेक अशा पाच जणांनी मुंबईतल्या एखाद्या नावाजलेल्या टेस्टिंग मेनूच्या, म्हणजे शेफनेच ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात अशा, रेस्टॉरंटमध्ये रात्री जेवायला जावं, असं तुमच्या मनात आहे. माणशी साडेसात हजार, कर वेगळे. आईला मासे मनापासून आवडतात. बाबांना मधुमेह आहे आणि ते रात्री आठला जेवतात. असं जेवण घरात आजवर कोणीच जेवलेलं नाही. तुमची खरी काळजी शेवटच्या ओळीत आहे: ‘एवढे पैसे घालून तिला तिथे अवघडल्यासारखं झालं तर?’

उत्तर आधीच देते. पाच जणांना घेऊन रात्रीच्या टेस्टिंग मेनूला जाऊ नका. चांगल्या, महागड्या रेस्टॉरंटमध्ये मात्र नक्की जा, पण दुपारी, आणि जिथे कार्ड बघून पदार्थ निवडता येतात अशा ठिकाणी. टेस्टिंग मेनूचा विचार पूर्ण सोडूही नका. तो फक्त तुम्हा दोघींसाठी, वेगळ्या दिवशी, आणि आईच्या स्वभावात एक गोष्ट असेल तरच. ती कोणती, ते पुढे सांगते.

मी दक्षिण मुंबईतल्या रेस्टॉरंटांमध्ये आधी कॅप्टन, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्यांची प्रमुख, आणि मग मॅनेजर म्हणून बरीच वर्षं काढली. आता नव्याने उघडणाऱ्या जागांमध्ये वाढणाऱ्या मुलामुलींना शिकवते. साठीची, पंचाहत्तरीची, लग्नाच्या पन्नाशीची टेबलं मी खूप सांभाळली आहेत. कोणतं टेबल आनंदात उठणार आणि कोणतं उरकून उठणार, हे पहिल्या अर्ध्या तासात कळायला लागतं, आणि स्वयंपाक चांगला की वाईट याच्याशी त्याचा फार थोडा संबंध असतो. खरा संबंध वेळेशी असतो.

टेस्टिंग मेनू म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. पदार्थ शेफ ठरवतो, क्रम शेफ ठरवतो, कोणती ताटली कधी येणार हेही तोच ठरवतो. आठ-दहा कोर्स असतात. एकेक दोन-तीन घासांचा. सुरुवातीचे हातात घेऊन खायचे, मधे एखादा जरा मोठा, शेवटी दोन गोड. सगळं मिळून अडीच ते तीन तास जातात. महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ साली सुरू झालेलं ‘मास्क’ अशाच मेनूसाठी ओळखलं जातं. वांद्र्यातलं ‘पापाज’ तर जेमतेम बारा खुर्च्यांचं आहे. तिथे काउंटरला बसायचं, समोर शेफ पदार्थ मांडतात, आणि सगळे पाहुणे एकाच लयीत जेवतात. मन लावून जेवणाऱ्या माणसाला अशी संध्याकाळ वर्षानुवर्षं आठवते. पण तिथे जाणारा माणूस तीन तासांसाठी स्वतःचा ताबा स्वयंपाकघराकडे देतो. ते आवडणारी माणसं असतात, न आवडणारीही असतात. यात कोणी गावंढळ नाही आणि कोणी रसिक नाही, हा निव्वळ स्वभावाचा भाग आहे.

आतून हे कसं चालतं ते सांगते, म्हणजे पाच जणांना मी ‘नको’ का म्हणते ते लक्षात येईल. एका टेबलाच्या सगळ्या ताटल्या एकाच वेळी निघाल्या पाहिजेत, हा नियम. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या ओट्याला आम्ही ‘पास’ म्हणतो. तिथे पाच ताटल्या एकदम सजतात आणि एकदम उचलल्या जातात. त्यातलं एक माणूस त्या क्षणी हात धुवायला उठलं की कॅप्टन पासवर खूण करतो आणि सगळं थांबतं. बाकी चौघे रिकाम्या टेबलाशी बसून राहतात. थांबवलेली ताटली निवते, कधी ती पुन्हा करावी लागते, आणि पुढचा प्रत्येक कोर्स तेवढा मागे सरकतो. तुमच्या टेबलावर आठ वर्षांची मुलगी आहे आणि वारंवार उठावं लागू शकेल असे बाबा आहेत. तीन तासांचे साडेतीन होणार. चौथ्या कोर्सनंतर मुलगी पेंगणार, मग तुम्ही तिच्याकडे बघणार, आणि आई तुमच्याकडे. ज्या दिवशी आईने फक्त जेवायचं, त्या दिवशी ती पुन्हा घर सांभाळत बसेल. शिवाय काही ठिकाणी रात्री ठरावीक वयाखालच्या मुलांना घेतच नाहीत, हे बुकिंगआधी विचारावं लागतं.

आता आईबद्दल. तिला आवडेल का, हे तिला विचारून कळणार नाही. ‘कशाला एवढा खर्च’ हेच उत्तर येईल, आणि ते तिच्या आवडीबद्दल काहीच सांगत नाही. तिचं वागणं आठवून बघा. बाहेर जेवायला गेल्यावर ती मेनूकार्ड स्वतः हातात घेते का, की ‘तुम्ही सांगाल ते’ म्हणून पुढे सरकवते? लग्नाच्या पंगतीत एखादी अनोळखी भाजी पानात आली तर यात काय घातलंय ते ओळखायचा प्रयत्न करते का? शेजारणीच्या घरी काही वेगळं खाल्लं तर दुसऱ्या दिवशी करून बघते का? प्रवासातून आल्यावर तिथल्या जेवणाबद्दल बोलते, की माणसांबद्दल आणि देवळांबद्दल? मघाशी म्हटलेली एक गोष्ट हीच: ताटातल्या पदार्थाबद्दलचं कुतूहल. ते असेल तर साठ वर्षांच्या, आयुष्यात कधी काटा-सुरी न धरलेल्या बाईलाही टेस्टिंग मेनू अतिशय आवडतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मुलांनी संकोचत आणलेल्या आया ताटली आली की चष्मा लावून वाकून बघतात, वाढणाऱ्या मुलाला विचारतात, ‘हे कोकम नाही ना, बिंबलं आहे का?’ मग तो मुलगा आत जाऊन शेफला सांगतो आणि शेफ स्वतः बाहेर येतो. अशा बायकांना जेवणातलं इतकं कळतं की टेबलावरच्या बाकीच्यांपेक्षा त्यांनाच त्या जेवणाचं मोल पुरेपूर वसूल होतं.

कुतूहल नसेल, तिचा आनंद माणसं जमण्यात, गप्पांत, एकमेकांच्या ताटातलं उचलून खाण्यात असेल, तर टेस्टिंग मेनू तिला परका वाटेल. दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी येऊन पदार्थाची माहिती सांगतं, आणि त्या वेळी गप्पा थांबवाव्या लागतात. एकमेकांना वाढता येत नाही, कारण ताटलीत दोनच घास असतात. आपल्याकडे जेवताना आग्रह करणं हे प्रेम करणंच आहे. आग्रहाला जिथे जागाच नाही अशा टेबलावर काही माणसांना खरोखर एकटं वाटतं.

‘घरी याहून चांगलं झालं असतं’ हे वाक्य तिच्या तोंडून तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. त्याला निकाल समजू नका. वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या माणसाची ती दाद देण्याचीही एक रीत असते. तिने ताटली संपवली का, तेवढं बघा.

अवघडलेपणाबद्दल तुम्ही लिहिलंय, तर त्याची दोन कारणं वेगळी करू. पहिलं काटे-चमचे. याची चिंता सोडून द्या. दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलातलं ‘बुखारा’ १९७८ पासून चालू आहे, परदेशी राष्ट्रप्रमुख तिथे जेवून गेले आहेत, आणि तिथे गळ्यात एप्रन बांधून हातानेच खातात. मुंबईतल्या कुठल्याही चांगल्या जागेत हाताने जेवलं तर कोणी वळून बघत नाही, आणि बघत असेल तर ती जागा चांगली नाही. कॅप्टनला आधी सांगा, तो हात धुवायला कोमट पाणी टेबलावर आणून देईल.

दुसरं कारण किंमत, आणि खरं अवघडलेपण इथलं असतं. आई कार्ड उघडते, उजव्या बाजूचे आकडे वाचते, आणि त्या क्षणापासून तिला भूक नसते. ‘मला सूप पुरे’ म्हणते. या बाबतीत टेस्टिंग मेनू सोयीचा ठरतो, कारण किंमत आधीच ठरलेली असते आणि टेबलावर आकडा येतच नाही. कार्डावरून मागवायचं असेल तर त्यालाही उपाय आहे. बुकिंग करताना सांगा की आई-बाबांना किमती नसलेलं कार्ड द्या. मोठ्या हॉटेलांमध्ये बिल देणाऱ्याला किमतीचं आणि पाहुण्यांना बिनकिमतीचं कार्ड देण्याची जुनी पद्धत आहे. जिथे तसं छापलेलं नसतं तिथेही आदल्या दिवशी सांगितलं तर एक पान वेगळं काढून देतात. तेही जमलं नाही तर पदार्थ आधीच फोनवर ठरवून ठेवा आणि टेबलावर कार्ड मागूच नका. माझ्या मते हाच सगळ्यात निर्धास्त मार्ग.

माशांबद्दल एक सावधगिरीची सूचना, कारण आईच्या आवडीमुळेच तुम्ही हे ठरवताय. किनाऱ्यावरचं किंवा किनाऱ्याची चव असलेलं मराठी माणूस मासे खातं तेव्हा ते ताजेपणाची परीक्षा घेतं. पापलेटाचं मांस काट्यापासून कसं सुटतं, सुरमईच्या तुकडीला गोडवा आहे का, बोंबील ओला आहे का, हे तिला पहिल्या घासात कळतं. फाइन डाइनमध्ये माशाच्या कोर्सला एवढासा तुकडा असतो, काटे काढलेले, कातडी कुरकुरीत केलेली, खाली पातळसा सॉस. तिखट कमी, आंबट जरा वेगळं. काही हॉटेलांच्या कार्डावर चिलियन सी बास सगळ्यात महाग असतो. तो दूर दक्षिणेकडच्या समुद्रातून गोठवून येतो. मऊ आणि तुपकट असतो, त्याची स्वतःची मजा आहे, पण ज्या बाईने आयुष्यभर सकाळच्या बाजारातून डोळे आणि कल्ले बघून मासा घेतला, तिला तो ‘मासाच वाटत नाही’ असं होऊ शकतं. म्हणून फोनवर सरळ विचारा: त्या आठवड्यात इथल्या किनाऱ्यावरचा कोणता मासा आहे? तुमचा पुढचा महिना पावसाळ्यातला नसल्याने तुम्हाला अडचण नाही. पण ज्यांचा वाढदिवस पावसाळ्यात येतो त्यांनी लक्षात ठेवावं की १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत माशासाठी म्हणून महागडी जागा निवडण्यात अर्थ नाही.

आईला हवा असेल तो कांदा-खोबऱ्याचा रस्सा आणि कुरकुरीत रवा लावलेली तुकडी, तर त्यासाठी फाइन डाइनला जाऊच नका. ते जेवण पार्ल्याच्या ‘गजाली’सारख्या जागी मिळतं. फोर्टातल्या ‘तृष्णा’चा बटर-गार्लिक खेकडा ही तर मुंबईतल्या कित्येक घरांची वाढदिवसाची रीतच आहे. तिथे खर्च कमी होतो म्हणून हे सुचवत नाही. वाढदिवसाला आवडीचा पदार्थ पोटभर मिळणं ही स्वतःच मोठी गोष्ट आहे, म्हणून सुचवते. पैसे उरलेच तर तिला आवडणारी पैठणी घ्या.

बाबांच्या मधुमेहाकडे मात्र गांभीर्याने बघा, कारण इथे प्रश्न नुसत्या आवडीचा नाही. ते जेवणाआधी इन्सुलिन किंवा साखर पटकन खाली आणणारी गोळी घेत असतील, तर टेस्टिंग मेनूची रचना त्यांच्यासाठी धोक्याची ठरू शकते. पहिल्या तासाभरात जे चार-पाच घास येतात त्यात पिष्टमय असं फार थोडं असतं. नेहमीच्या सवयीने औषध घेतलं आणि पोटात काहीच गेलं नाही तर साखर घसरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, हे मी टेबलावर घडताना पाहिलं आहे. औषधाची वेळ कशी ठेवायची ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि ‘जेवण तीन तास चालेल, भात-पोळी उशिरा येईल’ हे स्पष्ट सांगा. रेस्टॉरंटलाही सांगा. मधुमेही पाहुणे आहेत असं नोंदवलं असेल तर आम्ही बसल्या बसल्या ब्रेड पाठवतो आणि गोडाचा कोर्स बदलतो. कार्डावरून मागवायच्या जागी हा सगळा व्याप निम्म्याहून कमी होतो, दुपारी आणखी कमी.

खर्चाचा हिशेब आता मांडते, कारण साडेसात हजार म्हणजे साडेसात हजार राहत नाहीत. दहा टक्के सेवा शुल्क लावलं तर ८,२५० रुपये होतात. स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे माणशी सुमारे ८,६६० रुपये, आणि चार मोठ्या माणसांचे ३४,६५०. तोच मेनू मोठ्या पंचतारांकित हॉटेलात असेल, जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तर जीएसटी अठरा टक्के लागतो. मग माणशी ९,७३५ आणि चौघांचे ३८,९४०. नुसत्या जागेच्या प्रकाराने चार हजारांहून जास्त फरक पडतो. मुलीचं जेवण आणि पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, आणि कोणी वाइन घेणार असेल तर तीही. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, तो बिलात निराळा दिसतो. प्रत्येक कोर्ससोबत थोडी थोडी वाइन देणारं ‘पेअरिंग’ घेतलं तर एका माणसाचा खर्च बऱ्याचदा दीडपटीच्या पुढे जातो. घरात कोणी फारसं पीत नसेल तर ते घेऊ नका. हल्ली काही ठिकाणी फळं, मसाले आणि आंबवलेली पेयं घेऊन केलेलं बिनमद्याचं पेअरिंग मिळतं, ते आईला नक्की आवडेल.

सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नको असेल तर काढायला सांगता येतं. मी या धंद्यात वाढलेली असल्याने एवढंच म्हणेन की काढायला सांगितलंत आणि सेवा चांगली झाली असेल, तर वाढणाऱ्यांच्या हातात रोख काहीतरी द्या. ते थेट त्यांना पोचतं.

‘मिशलिन स्टार’ या शब्दांनी हुरळून जाऊ नका. मिशलिन गाइड भारतातल्या रेस्टॉरंटांना तारे देत नाही. जाहिरातीत तो शब्द दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की त्या शेफला किंवा त्याच्या परदेशातल्या रेस्टॉरंटला तिकडे कधीतरी तारा मिळाला होता. समोरचं जेवण कसं असेल, याची ती हमी नव्हे.

मग दुपारी कुठे जायचं? माझी पहिली पसंती ‘द टेबल’. कुलाब्यात, ताजच्या मागच्या बाजूला, २०११ पासून चालू आहे. पदार्थ निवडता येतात, मधे ठेवून वाटून खाता येतात, आणि त्यांच्या अलिबागच्या शेतातली भाजी स्वयंपाकात येते. आईला ही शेताची गोष्ट सांगा, तिला ताटलीतल्या पाल्याकडे बघायला कारण मिळेल. घरात सगळ्यांना भारतीय चव हवी असेल तर लोअर परळच्या कमला मिल आवारातलं ‘द बॉम्बे कॅन्टीन’ बघा. तिथे गोंगाट जरा जास्त असतो, पण मुलगी रमेल. आईला चायनीज आवडत असेल तर ताजमहाल पॅलेसमधलं ‘गोल्डन ड्रॅगन’ आहे. १९७३ साली मुंबईला सेझवान जेवणाची ओळख करून देणारी ही जागा, आणि तिथली सेवा अजूनही जुन्या वळणाची, शांत आहे.

याच हॉटेलातलं ‘सी लाउंज’ हा पर्याय बहुतेकांच्या मनात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. दुपारचा चहा. खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात, सँडविच आणि केकच्या सोबत शेवपुरी-भेळही असते. एका पिढीने तिथे मुली दाखवण्याचे कार्यक्रम केले आहेत. साठी-सत्तरीतल्या मुंबईकर बायकांना त्या खोलीचं नाव ऐकूनच काहीतरी आठवतं. तीन तास बसा, कोणी उठवत नाही, उठबस करा, कोणाची ताटली थांबत नाही. खर्च टेस्टिंग मेनूपेक्षा बराच कमी. ज्या आईला ‘ताजला गेलो होतो’ हे मैत्रिणींना सांगायला आवडेल, तिच्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही, आणि असं सांगावंसं वाटण्यात काही कमीपणा नाही.

दुपार मी उगाच सुचवत नाही. डोंबिवलीहून दक्षिण मुंबईला रविवारी सकाळी आरामात पोचता येतं. तेच रात्री नऊच्या सीटिंगला, म्हणजे जेवणाच्या ठरलेल्या फेरीला, बसलात तर बाराला उठाल आणि घरी पोचेपर्यंत बाबांची झोप आणि दुसऱ्या दिवसाची साखर दोन्ही बिघडतील. दुपारी उजेड असतो. रात्रीच्या मंद दिव्यात वयस्कर माणसांना ना कार्ड दिसतं ना ताटली. फोटोही चांगले येतात, आणि साठीचे फोटो पुढे वीस वर्षं भिंतीवर राहणार आहेत.

तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. वाढदिवस तारखेने करता की तिथीने, ते बघा. त्या दिवशी चतुर्थी किंवा एकादशी आहे का? गुरुवारी किंवा मंगळवारी आई सामिष खात नाही का? मासे आवडणाऱ्या आईला तिच्या उपवासाच्या दिवशी माशांच्या जेवणाला नेलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलं शहरात वेगळी राहायला लागली की घराचे वार विसरले जातात. दोन-चार दिवस पुढे-मागे केलं तर काहीच बिघडत नाही.

फोन कराल तेव्हा खुर्चीबद्दल विचारायला विसरू नका. खोल सोफ्यातून गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही, आणि बारसारखी उंच खुर्ची तर नकोच. पाठ असलेली साधी खुर्ची, भिंतीकडची, स्पीकरपासून दूर. आत जायला पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. फोर्टातल्या आणि कुलाब्यातल्या जुन्या इमारतींत हे प्रश्न अगदी खरे असतात. एसी जोरात असतो, आईला शाल घ्यायला सांगा.

औक्षण घरीच करून निघा. रेस्टॉरंटमध्ये निरांजन लावायला बहुतेक ठिकाणी परवानगी मिळत नाही, धुराचे सेन्सर असतात. एकदा एका कुटुंबाने आधी कळवलं होतं, तर आम्ही त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात पाच मिनिटं जागा करून दिली, तबक ठेवायला छोटं टेबल दिलं. आधी सांगितलं की अशा वाटा निघतात, ऐन वेळी निघत नाहीत. केकचंही तसंच. बाहेरचा केक नेला तर काही जागा कापून वाढण्याचे पैसे घेतात, काही घेतच नाहीत. टाळ्या वाजवत मोठ्याने गाणं म्हणण्याची पद्धत या जागांमध्ये सहसा नसते. ताटलीवर चॉकलेटने नाव लिहून एक गोड पदार्थ येतो, सोबत एक मेणबत्ती. नाव मराठीत लिहून हवं असेल तर कागदावर लिहून आधी पाठवा. ‘आई’ ही दोन अक्षरं कुठलाही पेस्ट्री शेफ कागद बघून काढू शकतो.

बिल टेबलावर येऊ देऊ नका. आत शिरल्यावर कॅप्टनला बाजूला घेऊन तुमचं बँकेचं कार्ड देऊन ठेवा आणि सांगा की शेवटी काउंटरवर येऊन सही करीन. नाहीतर बाबा खिशात हात घालणार, तुमचे यजमान त्यांना अडवणार, आणि सगळ्यांसमोर आकडा वाचला जाणार.

आता तुम्हा दोघींच्या जेवणाबद्दल. वर सांगितलेलं कुतूहल आईमध्ये दिसत असेल, तर वाढदिवसानंतर दोन-तीन आठवड्यांनी तिला एकटीला टेस्टिंग मेनूला न्या. ‘बाबा काय जेवतील’ हा प्रश्न ती विचारणारच, त्याचं उत्तर तुमच्या यजमानांकडे तयार असू द्या. मधला वार घ्या, शनिवार टाळा. मधल्या वारी हॉल अर्धा भरलेला असतो आणि शेफला टेबलापाशी थांबून बोलायला वेळ असतो. पहिली सीटिंग मागा, साधारण सातची. पहिल्या खेपेला काउंटर नको, टेबल घ्या, म्हणजे दोघींना समोरासमोर बोलता येईल. बुकिंगच्या वेळी लिहा की आई उत्तम स्वयंपाक करते आणि तिला माशातलं कळतं. हे वाचून स्वयंपाकघर खूश होतं, आणि काहीतरी जास्तीचं चाखायला येण्याची बरीच शक्यता असते. खाण्याची कसलीही अडचण असेल तर तीही त्याच वेळी कळवा, आल्यावर सांगितली तर दहा कोर्स बदलता येत नाहीत. पैसे बहुतेक ठिकाणी आगाऊ भरावे लागतात आणि आयत्या वेळी रद्द केलं तर परत मिळत नाहीत, म्हणून तारीख बदलायची मुदत किती ते लेखी घ्या. डोंबिवलीला परतायची गाडी आधीच ठरवून ठेवा, दहा-सव्वादहाला दाराशी.